पाळीव कुत्र्या-मांजरांचे रोगांपासून संरक्षण

शेतकऱ्याच्या घरात कुत्र्याचे स्थान फार जुने आहे. उभ्या पिकाची राखण, रात्री गोठ्याची व खळ्याची पाळत, मेंढ्यांच्या कळपाची सोबत ही कामे तो पिढ्यान् पिढ्या मुकाट्याने करीत आला आहे. दत्तमूर्तीच्या पायाशी श्वान दिसतात, खंडोबाच्या घोड्याबरोबरही कुत्रा असतो. मांजर घरातील धान्य उंदरांपासून राखते. असे असूनही या प्राण्यांच्या आरोग्याकडे जितके लक्ष पुरवावयास हवे तितके पुरविले जात नाही. ज्या घरात गाई-बैलांना पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या या रोगांची लस न चुकता टोचली जाते, त्याच घरातील कुत्र्याला जन्मभरात एकदाही लस टोचलेली नसते, असे पुष्कळ ठिकाणी आढळून येते.

यामागे निष्काळजीपणापेक्षा गैरसमजच अधिक असतो. बैल दगावला तर पेरणी अडते, ही गोष्ट डोळ्यांना दिसते. कुत्र्याच्या रोगाने घरातील माणूस दगावू शकतो, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. कुत्र्याला टोचलेली लस ही केवळ कुत्र्यासाठी नसून ती घरातील मुलांसाठी, गोठ्यातील जनावरांसाठी आणि शेजाऱ्यांसाठीही असते. हे एकदा पटले म्हणजे पुढील काम सोपे होते.

पुणे शहर व भोवतालची गावे

पुणे शहराच्या भोवतालची परिस्थिती या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. सन २०१७ मध्ये अकरा व सन २०२१ मध्ये तेवीस गावे पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत घेण्यात आली. धायरी, उंड्री, मांजरी, वाघोली, खडकवासला अशा गावांतून आज गावठाण, मळा, गोठा आणि उंच इमारती एकमेकांना लागून उभ्या आहेत. मळ्यातील मोकळा कुत्रा रात्री नव्या वस्तीतून फिरून येतो, आणि इमारतीतील साखळीचा कुत्रा सकाळी त्याच रस्त्याने फिरावयास नेला जातो. उघड्यावर टाकलेले उष्टे व कचरा यांवर भटकी कुत्री पोसली जातात. अशा ठिकाणी शहरातील कुत्रा आणि खेड्यातील कुत्रा असा भेद रोग करीत नाही. एका घरी लस टोचली व शेजारच्या चार घरी टोचली नाही, तर रोगाला वाट मोकळीच राहते.

पिसाळरोग : उपचार नाही, प्रतिबंध मात्र पूर्ण

कुत्र्यापासून माणसाला होणाऱ्या रोगांत पिसाळरोग, म्हणजेच रेबीज, हा सर्वांत भयंकर होय. हा रोग अत्यंत सूक्ष्म विषाणूमुळे होतो. विषाणू रोगी जनावराच्या लाळेत असतो. चाव्याने, नखांच्या ओरखड्याने, अथवा खरचटलेल्या जागी चाटल्याने तो शरीरात शिरतो आणि मज्जातंतूंच्या मार्गाने हळूहळू मेंदूकडे सरकतो. चावल्यापासून लक्षणे दिसू लागेपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात. क्वचित याहून कमी, तर क्वचित वर्षाहूनही अधिक काळ लागतो. एकदा लक्षणे दिसू लागली म्हणजे माणूस असो वा जनावर, मृत्यू जवळजवळ अटळ असतो. त्या अवस्थेत उपयोगी पडेल असे खात्रीचे औषध आजही उपलब्ध नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मृत्यू पावतात, आणि माणसांना होणाऱ्या या रोगाचे मूळ शेकडा ९९ पर्यंत प्रसंगी कुत्र्याच्या चाव्यात असते. संशयित जनावराने चावलेल्यांपैकी शेकडा ४० जण पंधरा वर्षांखालील मुले असतात. याचे कारण उघड आहे. मूल कुत्र्याच्या पिलाशी खेळते, पिलाचा दात किंवा नख लागते, आणि रागावतील या भीतीने मूल ती गोष्ट घरी सांगत नाही. ‘एवढेसे पिलू, त्याला काय होणार?’ असे म्हणून मोठी माणसेही दुर्लक्ष करतात. पिलालाही पिसाळरोग होतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असावयास हवे.

मात्र याच रोगाची दुसरी बाजू आशादायक आहे. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका मुलाला लस टोचण्यास प्रारंभ केला व तो मुलगा वाचला. तेव्हापासून हा रोग टाळता येतो हे सिद्ध झाले आहे. कुत्र्याला वेळेवर लस टोचली तर रोग मुळातच थांबतो, आणि चावा बसल्यावरही विलंब न करता योग्य उपाय केले तर माणूस वाचतो.

रोगी कुत्रा कसा ओळखावा

पिसाळलेला कुत्रा नेहमी अंगावर धावून येतो अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. रोगाचे दोन प्रकार दिसतात. पहिल्या प्रकारात कुत्रा अस्वस्थ होतो, कारण नसताना चावतो, लाकूड, माती, दगड असे काहीही चावतो, दूरवर भटकतो व त्याचा आवाज बदलतो. दुसऱ्या प्रकारात तो मुका व सुस्त होतो, अंधाऱ्या कोपऱ्यात बसतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते आणि गिळता येत नाही. हा दुसरा प्रकार अधिक फसवा असतो. घशात हाडूक अडकले असावे असे समजून मालक कुत्र्याच्या तोंडात हात घालतो व रोग ओढवून घेतो. कुत्रा पाण्याला भ्यालाच पाहिजे असे नाही. पाण्याची भीती हे प्रामुख्याने माणसातील लक्षण आहे.

गाई-म्हशींना पिसाळलेला कुत्रा चावल्यास त्यांनाही हा रोग होतो. जनावर घोगऱ्या आवाजात वारंवार हंबरते, लाळ गाळते, कुंथते, चारा-पाणी सोडते, अंगावर येते, आणि शेवटी मागील पाय लुळे पडतात. अशा जनावराच्या तोंडात हात घालून औषध पाजण्याचा प्रयत्न करू नये. त्याचे दूध काढू नये व वापरू नये. उकळलेले दूध अगोदर पोटात गेले असल्यास घाबरण्याचे कारण नाही, कारण उकळण्याने विषाणू नष्ट होतो. तथापि कच्चे दूध घेतले असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गाय, बैल किंवा म्हैस यांना कुत्रा चावल्यास जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. चाव्यानंतरही जनावरांना लस टोचता येते. मात्र लक्षणे दिसू लागल्यावर तिचा उपयोग होत नाही.

चावा बसल्यास तात्काळ काय करावे

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. साबणाने विषाणू निष्प्रभ होतो, म्हणून हा उपाय अत्यंत मोलाचा आहे. मळ्यात असल्यास पंपाचे वा पाटाचे स्वच्छ पाणी चालेल. घरी पोहोचेपर्यंत थांबू नये.

२. जखमेवर हळद, तिखट, चुना, तेल किंवा झाडपाला लावू नये, डागू नये व घट्ट बांधू नये. धुतल्यानंतर उपलब्ध असल्यास पोव्हिडोन आयोडीन लावावे.

३. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. खेड्यांतून प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि पुणे शहरात ससून सर्वोपचार रुग्णालयात किंवा महानगरपालिकेच्या रुग्णालयांत लस टोचण्याची व्यवस्था आहे. जखम खोल असेल किंवा रक्त निघाले असेल तर लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते, ही गोष्ट डॉक्टरांना विचारून घ्यावी.

४. डॉक्टरांनी सांगितलेल्या सर्व तारखांना लस टोचून घ्यावी. दोन इंजेक्शनांनंतर बरे वाटते म्हणून थांबू नये.

५. चावलेला कुत्रा अथवा मांजर मारू नये. शक्य असल्यास बांधून दहा दिवस त्यावर लक्ष ठेवावे. रोगी कुत्र्याच्या लाळेत विषाणू आलेला असेल तर या मुदतीत तो आजारी पडतो किंवा मरतो. परंतु या दहा दिवसांची वाट पाहत माणसाची लस मात्र थांबवू नये.

‘पोटात चौदा इंजेक्शने’ या भीतीने पूर्वी पुष्कळ लोक दवाखाना टाळीत असत. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती, व भारतात तिचा वापर कधीच बंद झालेला आहे. आजची लस दंडात टोचतात, तिची इंजेक्शने चार-पाचच असतात, आणि ती गरोदर स्त्रिया व लहान मुले यांनाही देता येते.

कुत्र्याला व मांजराला लस केव्हा टोचावी

पिसाळरोगाची पहिली लस पिलू तीन महिन्यांचे झाल्यावर टोचावी. त्यानंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दुसरी मात्रा द्यावी, आणि पुढे दरवर्षी एकदा लस टोचून घ्यावी. लस टोचल्यावर अंगात पुरेशी शक्ती येण्यास सुमारे तीन ते चार आठवडे लागतात. म्हणून रोगाची साथ जवळ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा अगोदरच टोचणी करणे शहाणपणाचे होय. मांजरालाही हाच नियम लागू आहे.

कुत्र्यांना डिस्टेंपर, पार्व्हो, सांसर्गिक कावीळ व लेप्टोस्पायरोसिस हेही रोग होतात. पार्व्होमध्ये पिलास उलट्या व रक्तमिश्रित हगवण लागते व ते थोड्याच दिवसांत दगावते. डिस्टेंपरमध्ये डोळ्यांतून व नाकातून चिकट स्राव, ताप आणि पुढे झटके येतात. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो व माणसालाही होतो. पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्या शेतकऱ्याने हे विशेष ध्यानात घ्यावे. या चारही रोगांविरुद्ध एकत्रित लस मिळते. ती पिलू सहा ते आठ आठवड्यांचे असताना सुरू करून, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा टोचतात. वारंवार का, असा प्रश्न विचारला जातो. पिलाला आईच्या पहिल्या दुधातून काही संरक्षण मिळालेले असते, आणि तेच संरक्षण लसीचा परिणाम होऊ देत नाही. ते नेमके कोणत्या आठवड्यात ओसरेल हे सांगता येत नसल्याने लस पुनःपुन्हा द्यावी लागते.

लस नेहमी २ ते ८ अंश सेल्सिअस इतक्या थंडाव्यात ठेवावी लागते. दुकानातून घेऊन खिशात घालून आणलेली व उन्हात तापलेली लस टोचून उपयोग होत नाही. म्हणून लस पशुवैद्याकडूनच टोचून घ्यावी, आणि तारीख लिहिलेला दाखला जपून ठेवावा. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत कुत्रा पाळण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. त्यासाठीही पिसाळरोगाच्या लसीचा हा दाखला लागतो.

जंत, गोचीड व पिसवा

कुत्रीच्या पोटातील गोलकृमी पिलांच्या अंगात जन्मापूर्वीच शिरतात. म्हणून पिले दोन आठवड्यांची झाल्यापासून दर पंधरवड्यास, तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा, आणि पुढे दर तीन महिन्यांनी जंतांचे औषध पाजावे. औषधाची मात्रा वजनावर ठरते. ती पशुवैद्यास विचारावी. कुत्र्याच्या विष्ठेतील जंतांची अंडी मातीत मिसळतात व मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जातात. अंगणातील विष्ठा दररोज उचलून पुरावी आणि मुलांना जेवणापूर्वी हात धुण्याची सवय लावावी.

मेंढपाळांनी व मांस कापणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. कापलेल्या मेंढीच्या काळजात वा फुप्फुसात कधी पाण्याने भरलेल्या गाठी दिसतात. त्या एका बारीक पट्टकृमीच्या असतात. असे काळीज कुत्र्याने कच्चे खाल्ले की कृमी त्याच्या आतड्यात वाढतो, अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात, आणि त्यांपासून मेंढ्यांच्या व माणसांच्याही शरीरात तशाच गाठी होतात. म्हणून गाठी असलेले अवयव कुत्र्यापुढे न टाकता खोल पुरावेत किंवा जाळावेत.

गोचीड कुत्र्याचे रक्त पितात व ताप, अशक्तपणा आणि रक्तक्षय करणारे रोग पसरवितात. कुत्र्याच्या अंगावर असलेल्या गोचिडांपेक्षा भिंतींच्या भेगांत व बसण्याच्या जागी दडलेल्या गोचिडांची संख्या अधिक असते. म्हणून अंगावर औषध लावण्याबरोबर भेगा बुजवाव्यात, अंथरूण उन्हात टाकावे व जागा झाडून स्वच्छ ठेवावी. येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. गुरांच्या गोचिडांसाठी अथवा पिकांवर फवारण्यासाठी आणलेले औषध कुत्र्या-मांजरांवर परस्पर वापरू नये. कुत्र्याला चालणारी काही औषधे मांजराला विषासारखी ठरतात. त्याचप्रमाणे माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. ती प्राणघातक असते. कांदा, लसूण, द्राक्षे व मनुका कुत्र्याला खाऊ घालू नयेत. उंदरांसाठी ठेवलेले विषारी आमिष त्याच्या वाटेत येणार नाही अशी काळजी घ्यावी.

नको असलेली पिले

मळ्यावरील कुत्री वर्षातून साधारणपणे दोनदा माजावर येते. पिले झाली की ती कोणी नेत नाही, आणि अखेर रस्त्यावर सोडली जातात. लस न टोचलेली हीच पिले पुढे रोगाचे साधन बनतात. नर-मादी दोघांचेही नसबंदीचे ऑपरेशन पशुवैद्याच्या सल्ल्याने योग्य वयात करून घ्यावे. त्यामुळे राखणदारी कमी होते ही समजूत निराधार आहे. उलट मादीस गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो.

गावाने मिळून करावयाचे काम

लसीने रोग समूळ नष्ट होऊ शकतो, याचे उदाहरण शेतकऱ्यांच्या आठवणीत आहे. बुळकांडीने एके काळी गावेच्या गावे जनावरांवाचून ओस पडत. जनावरांच्या अशा रोगांचा अभ्यास करण्यासाठी सन १८८९ मध्ये पुणे येथेच एक प्रयोगशाळा स्थापन झाली. ती सन १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली व पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. गावोगाव झालेल्या टोचणीमुळे सन २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला, आणि सन २०११ मध्ये सारे जग.

पिसाळरोगाच्या बाबतीतही मार्ग तोच आहे. कोणत्याही गावातील दहांपैकी सात कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली गेली, तर रोगाची साखळी तुटते, असे तज्ज्ञ सांगतात. शेजारच्या गोवा राज्यात सन २०१४ च्या सुमारास घरोघर व रस्तोरस्ती जाऊन कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम सुरू झाली, आणि काही वर्षांतच तेथे या रोगाने माणसे दगावणे जवळजवळ थांबले. सन २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा पिसाळरोग देशातून हटविण्याचा संकल्प केंद्र सरकारने सन २०२१ मध्ये जाहीर केला आहे. तो गावागावांतून झालेल्या कामानेच सिद्धीस जाईल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी करण्याजोग्या आहेत. प्रथम गावातील पाळीव व मोकळ्या कुत्र्यांची घरवार नोंद करावी. पावसाळ्यापूर्वी गुरांच्या टोचणीचा दिवस ठरला म्हणजे त्याच दिवशी कुत्र्यांची टोचणीही व्हावी, अशी विनंती पशुवैद्यकीय दवाखान्यास अगोदर करावी. लस टोचलेल्या कुत्र्याच्या गळ्यात रंगीत पट्टा बांधावा, म्हणजे राहिलेले कुत्रे दुरून ओळखता येतात. जी कुत्री त्या दिवशी मळ्यात राहिली असतील, त्यांच्यासाठी २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनी पुन्हा फेरी काढावी. शाळेत मुलांना जखम धुण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी, आणि ओरखडा लागला तर न लपविता सांगावे, त्याबद्दल कोणी रागावणार नाही, असे पालकांच्या देखत सांगावे. संशयित जनावर मेल्यास त्याला हात न लावता पशुवैद्यास कळवावे.

कुत्रा रात्रभर जागून घर राखतो. वर्षातून एक दिवस काढून त्याला लस टोचून आणणे हे घरधन्याचे काम आहे. गोठ्यातील जनावरांच्या टोचणीच्या यादीत यंदा अंगणातील कुत्र्याचे व मांजराचे नाव लिहिले गेले, तर घरातील लेकरांच्या संरक्षणाची मोठी तरतूद झाली असे समजावे.